करकचबाईंची करंगळी

औषधांच्या गोळ्या जिथे पट्ट्यांत भरल्या जातात, त्या हॉलच्या आधी एक अरुंद खोली लागते. एका भिंतीला लोखंडी कपाटं, समोर लांब आरसा आणि खोलीच्या मधोमध गुडघाभर उंचीचा आडवा कट्टा. बाहेरच्या चपला कट्ट्याच्या अलीकडे काढायच्या, कट्टा ओलांडायचा आणि पलीकडचे पांढरे बूट घालायचे. मग केसांवर जाळी, जाळीवर कान झाकणारी कापडी टोपी, अंगात डगला. जाळी चढवण्याआधी मात्र आरशापाशी थांबून बाईंना डोकं दाखवावं लागे.

बाई या हॉलच्या सुपरवायझर. कुठली पट्टी रिकामी गेली, कुठल्या खोक्यात माहितीचा कागद टाकायचा राहिला, कोण आज आलं नाही, हे पाहणं त्यांचं काम. पण कारखान्यात त्यांची ओळख झाली ती आरशापाशी. त्या समोरच्या बाईचं डोकं जरा खाली वाकवत आणि मागे ओढून बांधलेल्या केसांखाली, कपाळाच्या कडेला, आपली करंगळी सारून पाहत. करंगळी आत गेली नाही तर पास. गेली, तर ठरलेले शब्द.

"सैल आहे. परत बांध."

"बाई, याहून घट्ट बांधलं तर माझे डोळे मिटायचे नाहीत."

"बरंच आहे. दुपारी डुलक्या तरी येणार नाहीत. बांध."

केस करकचून बांधायला लावतात म्हणून त्या करकचबाई. तोंडावर नुसत्या बाई. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि त्यांना ते फारसं टोचत नव्हतं. आपण कुठल्या गोष्टीत ढिल्या नाही, याची ती पावतीच आहे असं त्यांना वाटे.

या करंगळीमागे एक जुनी तक्रार होती. वीसेक वर्षांपूर्वी बाई याच हॉलमध्ये नव्या होत्या, तेव्हा कुण्या गिऱ्हाइकाला पट्टीच्या खळग्यात गोळीशेजारी केस सापडला. लांब, काळा, सरळ. अख्खा माल परत आला आणि जाळून टाकावा लागला. हॉलमधल्या सगळ्या बायकांना जाळ्या काढून भिंतीशी उभं केलं गेलं आणि एक साहेब तो केस कागदावर धरून प्रत्येकीच्या डोक्याशी ताडून पाहत गेला. केस कुणाचा ते ठरलं नाही. पण बाईंच्या शेजारी बसणारी, कमरेपर्यंत केस असलेली एक मुलगी त्या आठवड्यानंतर कामावर आली नाही. तिला कुणी काढलं नव्हतं. सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या, एवढंच.

पुढे सुपरवायझर झाल्यावर बाईंनी करंगळी सुरू केली. आपल्या हॉलमधल्या बाईला पुन्हा कुणी असं भिंतीशी उभं करता कामा नये, हा त्यांचा हेतू होता. तसं पुन्हा झालंही नाही. "माझ्या हॉलमधून केस गेला नाही," हे वाक्य त्या दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला अधूनमधून ऐकवत.

त्यांच्या स्वतःच्या केसांविषयीचं पहिलं वाक्य जावेच्या तोंडून आलं. पुतण्याच्या लग्नातले फोटो सगळ्याजणी फोनवर मोठे करकरून पाहत होत्या.

"अगंबाई! तुझं कपाळ केवढं झालंय गं!"

"फोटो वरून काढलाय."

"मग माझं का नाही झालं? मी तुझ्या शेजारीच उभी आहे."

घरी येऊन बाईंनी न्हाणीघराचं दार लावलं आणि आरशात पाहिलं. जावेनं खोटं सांगितलं नव्हतं. कपाळाची मधली रेघ थोडी मागे गेली होती, पण दोन्ही कानशिलांच्या वर केस पार हटले होते. तिथली कातडी गुळगुळीत, किंचित चकाकणारी. तिच्यापुढे, अगदी कडेला, बारीक लव तेवढी उरली होती.

त्यानंतर घरात उपाय आले. जावेनं कांद्याचा रस सांगितला. शेजारणीनं सांगितलं की पाणी जड आहे, ते बदल. बहिणीनं सांगितलं की पाळी जायच्या वयात असं होतंच, मनावर घेऊ नको. चौथीनं विचारलं, "कसली काळजी लागलीय का?" लागली नव्हती, ती आता लागली. नवऱ्याचं वेगळंच.

"अगं, औषधाच्या कारखान्यात आहेस. डोकेदुखीची गोळी भरता, जळजळीची भरता, गुडघ्याची भरता. केसांची एक नाही?"

"असती तर आधी तुम्हाला घातली असती."

नवऱ्याच्या डोक्यावरचे केस तिशीतच गेले होते. ते गेले तेव्हा कुणी दार लावून आरशात पाहिलं नव्हतं. लहान मुलं त्यांच्या टकलावर टपल्या मारून मोठी झाली, पाहुणे हसले, तेही हसले आणि विषय संपला. बाईंच्या केसांवर मात्र घरात आवाज खाली आणून बोलणं होई आणि बाहेर होतच नसे. केस जाणाऱ्या बायका काही थोड्या नसतात. पण प्रत्येकीला वाटतं, हे आपलंच झालंय; कारण दुसरीनंही ते भांग बदलून, रुमाल बांधून, फोटोत मागे उभं राहून झाकलेलं असतं. बाईंना तर झाकायला कारखान्यानंच टोपी दिली होती. त्या सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. खोलीत कुणी नसताना केस बांधायचे, जाळी चढवायची, टोपी घालायची आणि मग रांगेच्या तोंडाशी उभं राहायचं.

आणि याच काळात त्यांनी ती चूक केली, जी त्या हॉलमधल्या बाईनंच करावी. गळतो तो केस सैल असतो, हे त्यांचं वीस वर्षांचं गणित. तेव्हा गळायला लागले म्हटल्यावर त्यांनी केस आणखी आवळले. मागे अंबाडा, त्यावर रबर, कानशिलांवर दोन्हीकडून चिमटे, एकाऐवजी दोन जाळ्या. रात्री झोपतानाही अंबाडा सोडेनात. मनात धाकधूक एकच होती: इतके केस गळताहेत, त्यातला एखादा पट्टीत गेला तर? इतकी वर्षं दुसऱ्यांची डोकी तपासली आणि शेवटी केस सापडला तो आपलाच, असं झालं तर?

हे सगळं एका व्यक्तीला रोज दिसत होतं. ती म्हणजे त्यांची सून. ती लग्नानंतर वर्षभरात त्याच हॉलमध्ये लागली होती. घरी ती सासूला आई म्हणे, कट्टा ओलांडला की बाई. सासूची करंगळी सुनेच्या बाबतीत जास्तच कडक होती, म्हणजे कुणी बोलायला नको.

"आई, माझी कानशिलं ठणकतात हो संध्याकाळी," तिनं सुरुवातीला एकदा सांगून पाहिलं होतं.

"नवीन आहेस. डोक्याला सवय होते."

सुनेनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण कांद्याचा रस सुरू होऊन बरेच दिवस झाले, तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी ती चपला घालूनच स्वयंपाकघरात आली.

"आई, चला. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. कांदा आता पुरे. तुमचे केस येईनात, पण घरात सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

डॉक्टर सुनेहून फार मोठी नव्हती. तिनं घाई केली नाही. मोठं आजारपण, ताप, वजन, पाळी, घरात आणखी कुणाचे केस गेलेत का, कुठली औषधं चालू आहेत, काम कुठे करता, सगळं विचारलं. मग दिवा लावलेलं भिंग डोक्यावर फिरवलं. भांगात, मागे, वर, आणि शेवटी कानशिलांवर. तिथं भिंग बराच वेळ थांबलं.

"काकू, केस रोज असेच बांधता?"

"हो."

"किती वर्षं?"

"कामाला लागल्यापासून."

डॉक्टरनं भिंग खाली ठेवलं. बायकांचे केस जायची कारणं एक नसतात, ती सांगू लागली. काहींना ते घराण्यातून येतं, मग भांग हळूहळू रुंदावतो. काहींचे बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर मूठमूठ गळतात आणि काही महिन्यांनी आपोआप सावरतात. कुणाच्या रक्तात लोह कमी असतं, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं. म्हणून रक्त तपासून घेऊ. "पण तुमच्या भांगात केस चांगले आहेत, मागेही चांगले आहेत. गेलेत ते फक्त जिथे ताण पडतो तिथले. रोज ओढून ओढून मुळं थकली. पुढे कडेला ही लव दिसते ना? ती इतकी आखूड आहे की तुमच्या रबरात सापडली नाही. म्हणून वाचली."

बाईंनी हात कानशिलावर नेला आणि परत खाली आणला.

"मग आता सैल बांधले की येतील?"

"थोडे वरच्या बाजूला येतील. लावायला औषध देते, त्यानं मदत होईल. पण जिथे कातडी चकाकतेय तिथली मुळं बंद झाली आहेत. तिथे येतील असं मी सांगणार नाही."

बोलता बोलता डॉक्टरची नजर सुनेकडे गेली होती. "तुम्हीपण तिथेच काम करता? बघू जरा." सून खुर्चीत बसली. भिंग पुन्हा कानशिलावर. "इथं बारीक पुळ्या आहेत. केस तुटलेत. दुखतं का?"

"संध्याकाळी."

"हे पहिलं लक्षण. तुमचं काही गेलेलं नाही अजून. आत्ता ताण काढला तर सगळे परत येतील. काढला नाही, तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही, शेजारच्या खुर्चीत ते बसलेलंच होतं. "पण इतकं घट्ट बांधायला सांगतं कोण?"

सून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "कारखान्याचा नियम आहे."

बाईंनी काही दुरुस्त केलं नाही.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "नियम आहे म्हणालीस."

"मग काय सांगायला हवं होतं? माझी सासू?"

दुसऱ्या दिवशी बाई रांगेच्या तोंडाशी नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. करंगळी चालू होती, पण आज नजर करंगळीच्या आजूबाजूला होती. काल डॉक्टरच्या भिंगाखाली काय शोधतात ते त्यांनी पाहिलं होतं. आता ते भिंगाशिवाय दिसू लागलं. नुकत्याच लागलेल्या मुलींच्या कानशिलांवर पुळ्या. पाच-सहा वर्षं झालेल्यांच्या कडेला तुटके, उभे राहिलेले केस. आणि ज्या त्यांच्याबरोबरीनं लागल्या होत्या, त्यांची कपाळं त्यांच्यासारखीच. हॉलमध्ये जितकी वर्षं, तितकं कपाळ. इतकी वर्षं त्या हे वयाच्या खात्यात टाकत आल्या होत्या. पण ऑफिसात झाडझूड करणारी बाई त्यांच्याच वयाची होती, तिला टोपी नव्हती, आणि तिचे केस भुवयांपासून चार बोटांवर सुरू होत होते, जिथून व्हायला हवेत तिथून.

सून समोर आली. करंगळी आत गेली नाही. पास. बाईंनी "जा" म्हटलं आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आज सूनबाईनं कालच्यापेक्षाही घट्ट बांधलेत. सगळ्यांसमोर "परत बांध" म्हणायची वेळ सासूवर येऊ नये म्हणून.

करंगळी थांबवायची तर ती बाईंनाच थांबवायची होती. थांबवावी तर सुनेचे आणि या सगळ्याजणींचे केस वाचतील. पण मग सैल केस पट्टीत गेला तर भिंतीशी पुन्हा हीच रांग उभी राहील, आणि या वेळी ती बाईंमुळे. जेवणाच्या सुट्टीत त्या क्वालिटीवाल्या मॅडमच्या खोलीत गेल्या. औषध शुद्ध आहे की नाही हे ठरवणं मॅडमचं काम. त्यांच्या सहीशिवाय एक खोकं बाहेर जात नाही.

"मॅडम, केसांचा नियम जरा सैल करता येईल का? विचारायला आलेय."

"कुठला नियम?"

"करकचून बांधायचा. करंगळीचा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, केस टोपीबाहेर येता कामा नयेत, एवढाच नियम आहे. घट्ट-सैल काही नाही त्यात. तुम्ही करंगळी घालता ते मी पाहिलंय. मला वाटायचं, डोकं स्वच्छ आहे का ते बघता."

"पण त्या तक्रारीनंतर..."

"त्या तक्रारीनंतर सगळंच बदललं. आधी नुसती जाळी होती ना? मग कापडी टोपी आली, कान झाकले, आणि पट्ट्यांच्या मशिनवर काचेचं झाकण बसलं. केस थांबला तो त्यानं."

बाई उभ्याच होत्या. इतकी वर्षं दुसऱ्या पाळीला ऐकवलेलं वाक्य त्यांचं नव्हतं, टोपीचं होतं.

"म्हणजे माझ्या करंगळीनं काहीच झालं नाही?"

मॅडम उत्तर देणार, तोच बाईंनी टोपी काढली, दोन्ही जाळ्या काढल्या आणि चिमटे काढून टेबलावर ठेवले. मॅडम थोडा वेळ त्यांच्या कानशिलांकडे बघत राहिल्या.

"हॉलमध्ये आणखी कुणाचं असं आहे?"

"सगळ्यांचं. कमी-जास्त."

"मग हे माझ्याही दृष्टीनं वाईटच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, पण खुर्ची त्यांनी बाईंपुढे सरकवली. "लांब केस जाळीत अडकतो. तुटलेला, आखूड तुकडा जाळीच्या भोकातून निघून जातो. सैल वेणी घाला, टोपी नीट घाला. आणि हे त्यांना तुम्हीच सांगा. मी कागद लावला तर कुणी वाचणार नाही."

सांगायला बाईंना दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी करंगळी घातलीच नाही, नुसतंच "जा, जा" केलं. मागे कुजबुज सुरू झाली की बाईंना बरं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पूर्वीच्या वेळेला आल्या, म्हणजे सगळ्यांबरोबर. कट्टा ओलांडून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी केसांवरचा रुमाल सोडला.

खोलीत एक बाई होती, तिला सगळ्या रेडिओ म्हणत, कारण ती कधी बंद पडत नसे. ती बंद पडली.

"बघून घ्या," बाई म्हणाल्या. "हे वयानं नाही झालं. करकचून बांधल्यानं झालं. माझे आता यायचे नाहीत. तुमच्यातल्या बऱ्याचजणींचे येतील. असा नियम कधीच नव्हता, तो मीच काढला होता. आजपासून बंद. मी विचारून आलेय."

रेडिओला एवढी शांतता सोसली नाही. "म्हणजे बाई, माझ्या नवऱ्याला मी उगीच शिव्या दिल्या? त्याच्या काळजीनं केस गेले म्हणून?"

"त्या देत राहा. त्यासाठी दुसरं कारण सापडेल."

हशा पिकला. बाईंनी तो ओसरू दिला आणि करंगळी पुढे केली. सून पहिली होती. करंगळी कपाळाच्या कडेला टेकली, पण आत जाईना.

"परत बांध."

"सैल?"

"सैल. माझी करंगळी गेली पाहिजे."

हे सोपं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या हातांना सैल बांधता येईना. एकजण बांधून येई आणि करंगळी अडे. दुसरी इतकं सैल बांधे की वेणी टोपीत मावायची नाही. आरशासमोर गर्दी झाली, चिमटे खाली पडले, त्या दिवशी मशिन उशिरा सुरू झालं. शेवटची बाई आत गेली तेव्हा रेडिओ मागे वळली.

"बाई, तुमचं कोण बघणार?"

बाईंनी डोकं खाली केलं. रेडिओनं आपली करंगळी त्यांच्या उरलेल्या केसांखाली सारायचा प्रयत्न केला. ती गेली नाही.

"परत बांधा," रेडिओ म्हणाली आणि पळाली.

पुढे सुनेच्या कानशिलांवरच्या पुळ्या गेल्या आणि तिथं बारीक केस उभे राहू लागले. ते टोपी काढली की सगळीकडे पसरत आणि ती त्यांना पाणी लावून बसवत राही. बाई डॉक्टरनं दिलेलं औषध लावतात. वरच्या कडेला थोडे आले. चकाकणारी जागा तशीच आहे. बाहेर जाताना त्या कधी रुमाल बांधतात, कधी नाही. जावेनं नव्या फोटोवर काही म्हटलं, तर त्या सरळ कारण सांगून मोकळ्या होतात. मग जाऊच विषय बदलते.

गेल्या महिन्यात हॉलमध्ये एक नवी मुलगी लागली. करकचबाई नाव तिच्या कानावर आधीच गेलं होतं, त्यामुळे ती पहिल्या दिवशी तयारीनं आली. केस इतके ओढलेले, की भुवया वर गेल्या होत्या. बाईंनी तिचं डोकं खाली वाकवलं, करंगळी कडेला टेकवून पाहिली आणि मग स्वतःची टोपी मागे सरकवून तिला कपाळ दाखवलं.

"इथपर्यंत यायचंय?"

मुलीनं नकारार्थी मान हलवली.

"मग परत बांध."